कानाडोळा

मी गवत कापणारा ट्रॅक्टर बोलतोय. शेतातला नव्हे. तो माझा थोरला भाऊ, त्याचं मागचं एक चाकच माझ्याहून उंच असतं. मी छोटा. एका माणसापुरती सीट, पुढे एका सिलेंडरचं इंजिन आणि पोटाखाली गरगर फिरणारी दोन पाती. मला पाहून मुलं हसतात आणि मोठी माणसं विचारतात, "ह्याला लायसन लागतं का हो?" माझा रंग एके काळी लाल होता. आता जिथे उरलाय तिथे विटकरी दिसतो.

माझं इंजिन चार बोल्टांवर बसलंय. प्रत्येक बोल्ट करंगळीएवढा जाड, अंगठ्याएवढा लांब. कारखान्यात एका बाईंनी ते आवळले होते. आधी एका कोपऱ्यातला, मग त्याच्या समोरचा, मग उरलेले दोन, असे तिरपे तिरपे. शेवटचा आवळून झाल्यावर त्यांनी बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाल्या, "जा बाबा, सांभाळून राहा." माझी आई म्हणून मला तेवढंच आठवतं.

पण सांभाळून राहणं इंजिनाच्या नशिबी नसतं. इंजिन म्हणजे थरथर. चालू असलेलं इंजिन दर क्षणाला आपलेच बोल्ट सैल करत असतं. हा आमचा जन्मजात दोष. म्हणून आम्हांला ऐकणारं माणूस लागतं.

मला तसं माणूस मिळालं होतं.

मी आलो तो थेट एका हॉस्पिटलात. लांबलचक दुमजली इमारत, तिच्यापुढे उतरत जाणारी भलीमोठी हिरवळ, आणि त्या हिरवळीकडे उघडणाऱ्या चाळीसएक खिडक्या. डॉक्टरांची फेरी संपल्यावर आणि पेशंटांची जेवणं सुरू होण्याआधी, दहा ते बारा एवढ्याच वेळात मला आवाज करायची परवानगी होती. तिथल्या माळ्याला सगळे अप्पा म्हणत. अकरा वर्षं त्यांनी ती हिरवळ ढकलायच्या यंत्राने कापली होती आणि त्यात दोन्ही खांदे घालवले होते. पहिल्या दिवशी ते माझ्याभोवती तीनदा फिरले. सीटवरची धूळ त्यांनी शर्टाच्या बाहीने पुसली आणि म्हणाले, "इतकी वर्षं मी तुझ्यासारख्याला ढकललं. आता तू मला वाहून ने. फिट्टंफाट!"

अप्पांच्या घरी ते आणि त्यांची मुलगी, दोघंच. मुलीची आई ती पाच वर्षांची असताना गेली होती. हॉस्पिटलच्या मागेच दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. शाळा सुटली की पोर दप्तर टाकायची ती माझ्या शेडमध्ये, आणि पालथ्या बादलीवर बसायची. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. अप्पांनी एक दिवस लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक माझ्या इंजिनावर टेकवलं आणि मूठ तिच्या कानाला लावली.

"ऐक. खुशीत आहे की दुखतंय?"

"खुशीत आहे."

मग मला बंद करून त्यांनी एक बोल्ट पाऊण आटा सैल केला आणि पुन्हा चालू केलं. "आणि आता?"

पोरीने डोळे मिटले. "आता त्याचे दात वाजतायत, अप्पा."

"शाब्बास, फिटर!"

तेच नाव पडलं. अप्पा तिला फिटर म्हणत, हॉस्पिटलच्या मेट्रनबाई म्हणत, आणि पुढे ती खरोखरच गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वर्कशॉपमध्ये फिटर झाली तेव्हा तिथलेही म्हणू लागले. तिथे ती मोठमोठी यंत्रं खोलायची. पण सुटीच्या दिवशी सकाळी माझ्याकडे हजर. आधी नुसतं ऐकायची, मग पाना घेऊन खाली शिरायची आणि चारही बोल्ट एकेक करून तपासायची. "अप्पा, मागचा उजवा जरा नाठाळ आहे हां. त्याच्यावर लक्ष ठेवा." अप्पा म्हणायचे, "तू आहेस ना." अशी सतरा वर्षं गेली.

आता जे सांगायचं ते सांगताना मला माझाच आवाज नकोसा होतो.

अप्पांचे कान मी नेले. दुसऱ्या कुणी नाही. रोज दोन तास मी त्यांच्या गुडघ्यांपुढे घुमत होतो. मेट्रनबाईंनी कानांवर घालायची जाडजूड टोपणं आणून दिली होती. अप्पांनी ती शेडमधल्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "ही घातली तर गाडी काय बोलतेय ते मला कसं कळणार?" माझं बोलणं ऐकता यावं म्हणून त्यांनी कान उघडे ठेवले, आणि मी बोलून बोलून ते बंद केले.

एकदम नाही. आधी पाखरं गेली, मग फोनची घंटी गेली. मग ऑफिसातल्या कारकुनाने विचारलं, "अप्पा, किती वाजले?" तर अप्पा म्हणाले, "हो हो, झालं जेवण." सगळे हसले. कारकून म्हणाला, "अप्पांचा स्क्रू ढिला झालाय!" अप्पाही हसले. कारकून काय बोलला ते त्यांना ऐकू आलं नव्हतं. लोक हसले म्हणून ते हसले. तेव्हापासून त्यांची तीच रीत झाली. समोरच्याने मान हलवली की आपणही हलवायची. ओठांकडे बघायचं. आणि फार प्रश्न विचारायची वेळच येऊ द्यायची नाही, आपणच बोलत राहायचं. माणसं म्हणत, अप्पा म्हातारपणी भलतेच बडबडे झालेत.

ते घाबरले होते. हिरवळीवर पेशंट हिंडायचे, कुणी कुबडीवर, कुणी चाकाच्या खुर्चीत. बहिऱ्या माणसाला कोण तिथे यंत्र चालवू देणार? आणि नोकरीपेक्षाही, मला वाटतं, त्यांना पोरीची लाज वाटत होती. ज्याने तिला ऐकायला शिकवलं त्यालाच ऐकू येत नाही, हे तिच्यापुढे कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्या वर्षी वर्कशॉपमध्ये मोठं काम निघालं आणि फिटरची सुटी लागोपाठ तीन आठवडे बुडाली. पहिल्याच आठवड्यात मागचा उजवा बोल्ट सैल झाला. मी खडखडलो. जितक्या जोराने खडखडता येईल तितका खडखडलो. अप्पा सीटवर बसून स्वतःशीच गुणगुणत होते. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या समोरचाही सैल झाला. इंजिन हलायला लागलं, पट्टा घसरायला लागला आणि शेडच्या फरशीवर तेलाचा डाग पडला. अप्पांनी त्या डागावर एक फडकं टाकलं. त्यांना वाटलं, वय झालंय गाडीचं.

एका संध्याकाळी फिटर घरी आल्या आल्या त्यांना म्हणाली, "गाडीचा आवाज कसा आहे, अप्पा?" हे मला तिनेच नंतर सांगितलं, शंभर वेळा. तिच्या ओठांकडे बघून अप्पा म्हणाले, "एकदम झकास." आणि ती निश्चिंत झोपली.

पुढच्या मंगळवारची गोष्ट. गवत ओलं होतं आणि लांब वाढलं होतं. गवत बाहेर फेकायचं माझं तोंड उजवीकडे आहे, त्यावर एक रबरी झडप असते. ओलं गवत तुंबतं म्हणून अप्पांनी ती झडप तारेने वर बांधून ठेवली होती. चौथ्या फेरीत मागचा उजवा बोल्ट सुटून गवतात पडला. मला कळलं. दात पडलेला माणसाला कळतो तसं. पुढे गेल्यावर त्याच्या समोरचाही पडला. आता इंजिन उरलेल्या दोन बोल्टांवर टांगल्यासारखं आदळत होतं. खिडक्यांमधल्या पेशंटांनासुद्धा कळलं, काही गडबड आहे. ते हातवारे करू लागले. अप्पांनी त्यांच्याकडे पाहून हसून मान डोलावली.

त्या दिवशी फिटर अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली होती, मलाच तपासायला. फाटकापाशी पोचताच तिने आवाज ऐकला आणि तिच्या हातातला डबा खाली पडला. ती माझ्या उजव्या अंगाने, सरळ हिरवळीतून धावत सुटली.

"अप्पा, बंद करा! इंजिन सुटलंय! अप्पा!"

मी तिला येताना पाहत होतो. अप्पांची नजर डाव्या चाकापुढच्या कडेवर होती. मी त्याच पट्ट्याच्या कडेला परत आलो होतो जिथे तो पहिला बोल्ट पडला होता. पात्याने तो उचलला. टण्ण असा एकच आवाज झाला.

ती पंधरा पावलांवर होती. ती ओरडली नाही. चालता चालता दमून बसावं तशी गवतात खाली बसली आणि दोन्ही हात तिने तोंडावर धरले.

अप्पा पुढे गेले. भिंतीपर्यंत पूर्ण पट्टा त्यांनी कापला, सरळ, एक रेघ वाकडी नाही. वळण घेतलं आणि तेव्हा त्यांना आपली मुलगी दिसली.

नर्सा धावल्या, डॉक्टर धावले. हॉस्पिटल होतं, पन्नास पावलांवर सगळं होतं. तरी डावा डोळा वाचला नाही.

दोन आठवड्यांनी मेट्रनबाई चौकशीला शेडमध्ये आल्या. अप्पा उभे होते, डोळ्यावर पट्टी बांधलेली फिटर बादलीवर बसली होती. बाई मनाने चांगल्या. पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता. "दोन-दोन बोल्ट पडतात, तेल गळतं, आणि तुम्हांला पत्ता नाही? इतका कानाडोळा कसा केलात, अप्पा?"

अप्पा त्यांच्या ओठांकडे बघत राहिले.

फिटर हळूच म्हणाली, "बाई, ओरडू नका. त्यांना ऐकू येत नाहीये. मला त्या दिवशीच कळलं, धावता धावता." मग ती थोडीशी हसली. "आणि शब्द बरोबर आहे तुमचा. त्यांचा कान, माझा डोळा."

बाईंनी तोंड फिरवलं आणि पदराने डोळे टिपले. अप्पांना काहीच समजलं नव्हतं. मुलगी हसली म्हणून तेही हसायला गेले, आणि मग बाईंचा चेहरा पाहून त्यांचं हसू अर्ध्यावरच राहिलं.

त्यांनी नोकरी सोडली. "ह्याला भंगारात द्या," असं माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, आणि त्यानंतर माणसांसमोर ते जवळजवळ बोललेच नाहीत. इतके बडबडे अप्पा! मेट्रनबाईंनी मला भंगारात दिलं नाही. शेडला कुलूप लावलं.

चार महिन्यांनी कुलूप उघडलं. दारात फिटर होती. डाव्या जागी काचेचा डोळा होता, उजव्याशी रंग जुळत नव्हता. वर्कशॉपने तिला कमी केलं होतं. "इथे दोन डोळे लागतात," असं म्हणाले होते. तिने माझ्या बॉनेटवरची धूळ झटकली आणि म्हणाली, "चल रे. तू आणि मी, दोघंही मोडीत निघालोय. बघू काय होतंय ते."

तिने माझं इंजिन उतरवलं. बोल्ट नसताना आदळल्यामुळे दोन भोकांमधले आटे गेले होते. ती नुसते नवे बोल्ट बसवू शकली असती. बरेच जण तसंच करतात, आणि आठवड्याभरात ते पुन्हा पडतात. तिने ती भोकं साफ केली, एक माप मोठे आटे पाडले आणि त्या मापाचे बोल्ट आणले. एका डोळ्याने तिला अंतराचा अंदाज येत नव्हता. पाना बोल्टच्या डोक्यावर न बसता हवेतच फिरायचा, बोटं सोलवटायची. मग ती डावा हात आधी बोल्टवर ठेवायची आणि त्या हाताच्या मागावर पाना न्यायची. प्रत्येक बोल्टखाली दातेरी वायसर घातला, आट्यांना बोल्ट धरून ठेवणारा निळा डिंकासारखा रस लावला आणि तिरपे तिरपे आवळले. शेवटी तिने पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढली, अर्धी बोल्टच्या डोक्यावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटणार. म्हणजे ऐकू आलं नाही तरी दिसावं.

रबरी झडप खाली सोडून तिने ती तार कापून फेकून दिली.

मेट्रनबाईंनी विचारलं, "एका डोळ्याने चालवशील?"

"मला ऐकू येतं, बाई," ती म्हणाली. कानांवरची टोपणं मात्र तिने रोज घातली, आणि ती घालण्याआधी रोज दोन मिनिटं मला नुसतं ऐकलं.

अशी ती हॉस्पिटलची माळीण झाली. क्वार्टर राहिलं. हिरवळीच्या वरच्या कडेला एक दगडी बाक आहे, त्याला टेकायला पाठ नाही. कुठल्याही बाजूला तोंड करून बसता येतं. दहा वाजता अप्पा येऊन त्यावर बसायचे आणि तोंड रस्त्याकडे करायचे. आमच्याकडे पाठ. बारा वाजता उठून जायचे. मुलीच्या चेहऱ्याकडे त्यांनी शेडमधल्या त्या चौकशीनंतर पाहिलंच नव्हतं. जेवताना ताटात बघायचे. ती कागदावर लिहून द्यायची. 'जेवायला चला' असं लिहिलं तर उठायचे. 'अप्पा, माझा तुमच्यावर राग नाही' असं लिहिलेला कागद तीन दिवस जिथल्या तिथे पडून राहिला, शेवटी तिनेच तो उचलला.

हे ती मला सांगायची, तेल बदलताना, पाती घासताना. "अरे, मारा, ओरडा, काहीतरी करा म्हणावं. मी मेले असते तर फोटोकडे तरी बघितलं असतं ना त्यांनी?"

आणि तिला जे ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. निदान सुरुवातीला तरी तिला ते ठाऊक नव्हतं.

रोज पहाट सरून उजाडलं की शेडचं दार किलकिलं व्हायचं. अप्पा आत यायचे. पाना घ्यायचे, गुडघे कुरकुरत खाली वाकायचे आणि माझे चारही बोल्ट तपासायचे. पांढऱ्या रेघा जुळलेल्या असायच्या. तरी ते हाताने बघायचेच. आणि बोलायचे. त्यांना वाटायचं आपण पुटपुटतोय. बहिऱ्या माणसाचं पुटपुटणं केवढं मोठं असतं! छपरातल्या चिमण्या उडून जायच्या.

"फिटर, मला ऐकू येत नव्हतं गं. दोन वर्षं येत नव्हतं. तू विचारलंस तेव्हा सांगायला हवं होतं. लाज वाटली मला. एवढ्याशा लाजेपायी..." पुढचं त्यांना कधी बोलता आलं नाही. इथेच ते दर वेळी थांबायचे, पाना जागेवर ठेवायचे आणि जायचे.

फिटरला काही दिवसांनी कळलं. रोज सकाळी पांढऱ्या रेघांवर अंगठ्याचा तेलकट ठसा असायचा. ती बराच वेळ त्या ठशांकडे पाहत बसली. मग फक्त पाना अडकवायचा खिळा तिने वरून उपटला आणि कमरेच्या उंचीवर ठोकला, खांदा दुखणाऱ्या माणसाचा हात पोचेल असा. दुसऱ्या दिवशी अप्पा त्या खिळ्यापुढे थबकले. हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला.

सहा वर्षं त्या दोघांमध्ये एवढंच बोलणं चालू होतं. एक पाना, एक खिळा. सकाळी ते माझ्यापाशी बोलायचे, दुपारी ती माझ्यापाशी बोलायची. दोघांचंही मी ऐकलं. माझ्यातून एकाचं दुसऱ्याकडे काही गेलं नाही. मला फक्त घरघरता येतं.

मग तो दिवस आला. ऊन छान होतं, वारा होता. अप्पा सकाळी येऊन गेले होते. त्या दिवशी खालून वर उठायला त्यांना फार वेळ लागला होता, छातीवर हात ठेवून ते चाकाला टेकून बसले होते.  दहा वाजता फिटरने मला बाहेर काढलं. आम्ही वरच्या कडेने पहिली फेरी सुरू केली. बाक आमच्या डाव्या हाताला होता.

अप्पा बाकावर बसले होते, आणि त्यांचं तोंड हिरवळीकडे होतं.

सहा वर्षांत पहिल्यांदा. ते सरळ तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आम्ही जवळ आलो तसा त्यांनी उजवा हात उचलला. तो खांदा वर जात नसे, तरी उचलला, बोटं उघडी, जसं शाळेला निघालेल्या पोरीला दारातून करतात तसं. आम्ही पुढून जाईपर्यंत त्यांनी तो हात तसाच धरला होता. त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते माझ्याच आवाजात मला ऐकू आलं नाही.

आणि फिटरचं लक्ष उजव्या चाकापुढच्या कडेवर होतं. डावीकडे बघायला तिला पूर्ण मान वळवावी लागायची. तिने ती वळवली नाही. का वळवेल? सहा वर्षं तिथे एक पाठच तर होती.

मी अडखळलो, खरंच. दोनदा आचके दिले. तिला वाटलं, पेट्रोलात कचरा असेल.

भिंतीशी वळून आम्ही परत आलो. आता बाक उजवीकडे होता आणि तिने पाहिलं. अप्पा तोंड हिरवळीकडे करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेले. डोळे उघडे, आमच्याकडे.

"अप्पा!" ती ओरडली, ऐकू जाणार नाही हे ठाऊक असून. तिने हात हलवला. ती हसत होती, काचेच्या डोळ्याच्या कडेनेसुद्धा पाणी येत होतं. "बघताय ना? बघा हं, किती सरळ कापते ते!"

तिने मला इतकं सरळ कधीच चालवलं नव्हतं. तिसरी फेरी, चौथी फेरी. दर वेळी बाक उजव्या हाताला आला की ती हात करायची. वरच्या खिडकीतल्या एका म्हाताऱ्या पेशंटबाईंनीही हसून तिला हात केला. सहाव्या फेरीला वाऱ्याने अप्पांची टोपी उडाली आणि गवतावरून घरंगळत आमच्या वाटेत आली.

अप्पांनी टोपीकडे पाहिलं नाही.

फिटरने मला बंद केलं. कानांवरची टोपणं काढली. टोपी उचलली, झटकली, आणि हळूहळू चालत ती बाकाकडे गेली. माझ्या गरम इंजिनाची टिकटिक तेवढी चालू होती.

तेव्हापासून दोन वर्षं झाली. माझ्या चासीची, म्हणजे इंजिनाखालच्या सांगाड्याची, भोकं आता लांबट झालीत, कितीही मोठा बोल्ट घाला, धरत नाही. फिटरने करता येईल ते सगळं केलं. हॉस्पिटलने नवी गाडी आणली आहे, बॅटरीवरची, जवळजवळ मुकी. मी शेडच्या मागे भिंतीला टेकून उभा आहे आणि सीटमध्ये उंदराने घर केलंय. आज कारकून भंगारवाल्याला घेऊन मला दाखवून गेला. परवा गाडी येईल म्हणाला.

जाण्याचं मला काही नाही. ज्याने एका घरातला कान आणि डोळा नेला त्याने आणखी किती दिवस मागावेत? दुखतंय ते वेगळंच. फिटर अजून कधी कधी दुपारी येऊन माझ्या चाकापाशी बसते. आणि दर वेळी तोच एक प्रश्न विचारते.

"बघत होते का रे ते माझ्याकडे? का मी पाहिलं तेव्हा ते गेलेले होते, नुसतेच डोळे उघडे होते? एकदा, फक्त एकदा हात केला असता तर मला कळलं असतं."

तुम्ही माझं ऐकून घेतलंत, म्हणून तुमच्याकडे एवढंच मागतो. त्या हिरवळीवर तुम्हांला ती भेटेल. जुळत नसलेल्या डोळ्यांवरून ओळखाल. तिच्या उजव्या बाजूने जा, म्हणजे दचकणार नाही. आणि तिला सांगा, पहिल्या फेरीला, बाई, तुमच्या डाव्या हाताला. ते बघत होते. त्यांनी हात वर केला होता.